वहिवाटीचे सूर

जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना स्मरत असेल की पदाच्या माथ्यावर, राग आणि ताल यांच्या शेजारी, 'चाल' असा शब्द घालून दुसऱ्याच एखाद्या गीताचे पहिले दोन-चार शब्द बारीक टाइपात छापलेले असत. नवे पद कोणत्या जुन्या सुरावर उभे आहे याची ती कबुलीच होती. आणि ती देताना ना नाटककाराला संकोच वाटे, ना ती वाचून रसिकाचा आनंद उणावे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा साकी, दिंडी, लावणी आणि कानडी पदे यांच्या चाली त्यांनी मुक्तहस्ते घेतल्या; १९११ च्या 'मानापमाना'साठी गोविंदराव टेंब्यांनी थेट पूरबी ठुमरीचे दार ठोठावले. उसन्या सुरावर स्वतःचे घर बांधण्याची ही रीत आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की तिच्यात नवल काय, असे कोणीही विचारील. परंतु याच रीतीचा अत्यंत धाडसी, अत्यंत आनंदी आणि कर्त्यांना पुढे फार महाग पडलेला एक प्रयोग १९८९ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाला. 'डे ला सोल' या तिघा कृष्णवर्णीय तरुणांच्या हिप हॉप संघाची ती पहिली ध्वनिमुद्रिका, 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'. तिच्या जन्माची आणि पुढील भाग्याची हकिकत मला विसाव्या शतकातील संगीताच्या इतिहासात फार मोलाची वाटते, कारण सुरावर मालकी कोणाची हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे, आणि इतक्या वेदनेने, क्वचितच विचारला गेला असेल.

या प्रश्नाचे मूळ हिप हॉपच्या जन्मवेळेतच आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत कूल हर्क या जमैकातून आलेल्या तरुणाने आपल्या बहिणीच्या मेजवानीत दोन तबकड्या शेजारी शेजारी फिरवल्या, आणि नाचणाऱ्यांचे पाय गाण्यातील ज्या चिमुकल्या भागावर सर्वांत अधिक थिरकतात, जेथे गायक थांबतो आणि केवळ ढोल बोलतो, तो भाग लांबविण्याची युक्ती याच मैफलींतून पुढे आली. म्हणजे या कलेचे पहिले वाद्यच दुसऱ्याची तबकडी होते. ज्या वस्तीत शाळांतील वाद्ये अर्थसंकल्पाच्या कात्रीत सापडली होती, तेथील मुलांनी वडिलांच्या कपाटातील तबकड्यांनाच वाद्य केले, आणि त्यावर कोणी सनद मागितली नाही की कोणी दाखविली नाही. जमीन कसणाऱ्याच्या ताब्यात वर्षानुवर्षे राहिली म्हणजे जशी तिची वहिवाट पडते, तशी ही वहिवाट पडली. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे 'शीक' या संघाच्या सुरावटीवर बेतून निघाले तेव्हा मूळ रचनाकारांनी आक्षेप घेतला, त्यांची नावे श्रेयात आली, आणि वाद तेथेच मिटला. पुढे ऐंशीच्या दशकात सॅम्पलर नावाचे यंत्र तरुणांच्या आवाक्यात आले. कोणत्याही ध्वनिमुद्रिकेतील क्षणभराचा आवाज ते टिपून ठेवी, आणि पेटीच्या पट्टीसारखे दाबून तो हवा तेव्हा, हव्या त्या गतीने, हवा तितक्या वेळा वाजविता येई. वहिवाट होतीच; आता तिला नांगरही मिळाला.

आमचे तिघे मात्र ब्राँक्समधून आले नाहीत, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. लाँग आयलंडवरील ॲमिटीव्हिल हे मॅनहॅटनपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे गाव. शहरातील दाटी सोडून बरी शाळा आणि घरापुढे हिरवळीचा तुकडा मिळावा म्हणून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे ज्या उपनगरांत आली, त्यांपैकी ते एक. केल्विन मर्सर ब्राँक्समध्ये जन्मला, डेव्हिड जोलिकर आणि व्हिन्सेंट मेसन ब्रुकलिनमध्ये. तिघे एकत्र आले ते ॲमिटीव्हिलच्या शाळेच्या दिवसांत. त्याच बेटावरच्या रूझवेल्ट गावातून 'पब्लिक एनिमी' हा संघ निघाला आणि वायनडान्च गावातून रकीम हा शब्दप्रभू निघाला, तेव्हा त्या हिरवळीच्या गावांत काही तरी विशेष शिजत होते यात शंका नाही. मला वाटते, शहराच्या गल्लीतील मुलाला गल्लीचा आवाज टाळता येत नाही. उपनगरातील मुलाला मात्र घर असते, घरात आईवडिलांच्या तबकड्या असतात, दूरदर्शनसंच असतो, आणि दुपारचा रिकामा वेळ असतो. या तिघांच्या कलेत हे सर्व उतरले. मर्सरने स्वतःला 'पॉसडनूस' म्हणवून घेतले, ते तबकड्या फिरविताना घेतलेले आपलेच जुने नाव उलटे लिहून. जोलिकरने 'ट्रुगॉय' हे नाव घेतले, ते आवडत्या दह्याचे इंग्रजी नाव उलटे वाचून. मेसन झाला 'मेसिओ'. ध्वनिक्षेपकाच्या तारा ज्या खोबणीत खुपसतात तिच्यावरून ते स्वतःला अनुक्रमे पहिला, दुसरा आणि तिसरा प्लग म्हणत. भल्यामोठ्या सोनसाखळ्या आणि दरडावणारी उपनामे यांच्या त्या काळात ही नावे ऐकून लोक प्रथम गोंधळलेच असतील.

त्याच गावात पॉल ह्यूस्टन राहत होता. 'स्टेटसासॉनिक' या नावाजलेल्या संघाचा तो तबकडीवादक, 'प्रिन्स पॉल' या नावाने प्रसिद्ध. वय यांच्यापेक्षा थोडेच अधिक. मेसिओने त्याला घरगुती साधनांवर केलेली एक ध्वनिफीत ऐकविली. 'प्लग ट्यूनिन' हे त्या गाण्याचे नाव, आणि त्याचा पाया म्हणजे मर्सरच्या वडिलांच्या संग्रहातील 'द इन्व्हिटेशन्स' नावाच्या एका फारशा न गाजलेल्या संघाची तबकडी. गती मंद, शब्द कोड्यासारखे, आवाजात घाई नाही, बढाई नाही. पॉलने त्यात भर घातली, ती फीत गावातून शहरात फिरविली, आणि टॉम सिल्व्हरमनने १९८१ साली स्थापिलेल्या 'टॉमी बॉय' या कंपनीने तिघांशी करार केला. १९८८ मध्ये ते गाणे सुट्या तबकडीवर निघाले. आणि मग मॅनहॅटनमधील कॅलिओपी या ध्वनिमुद्रणगृहात, सर्वांत धाकट्याचे वय अठरा आणि थोरल्याचे वीस असताना, पूर्ण ध्वनिमुद्रिकेचे काम सुरू झाले.

त्या खोलीत काय घडले याचे वर्णन करताना मला आपल्या घरांतील गोधडीची आठवण होते; आजीचे जुने लुगडे, धाकटीचे आखूड झालेले परकर, कोणाचा विरलेला सदरा, आणि या सर्वांवरून जाणारा एकच धागा. 'आय नो' हे प्रेमगीत घ्या. त्याचा गाभा 'स्टीली डॅन' या अतिशय घासूनपुसून काम करणाऱ्या श्वेतवर्णीय संघाच्या १९७७ मधील 'पेग' या गाण्याचा. आणि त्याच्यावरून तरंगत येते ती ओटिस रेडिंगची शीळ. ही शीळ रेडिंगने १९६७ च्या अखेरीस ध्वनिमुद्रित केली, आणि थोड्याच दिवसांत, १० डिसेंबरला, तो विमान अपघातात गेला; तबकडी लोकांच्या हाती आली ती त्याच्या मृत्यूनंतर. वीस वर्षे ती शीळ एका मृत्यूची खूण म्हणून ऐकली गेली. या मुलांनी तिला एका कोवळ्या प्रेमाच्या अंगणात आणून सोडले, आणि आश्चर्य असे की तिच्यातील विषाद गेला नाही, केवळ त्याला सोबत मिळाली. ज्या दोन सुरांची आयुष्यात कधी गाठ पडली नसती, ज्यांची दुकाने वेगळी, श्रोते वेगळे, कातडीचे रंग वेगळे, त्यांना एका तालावर शेजारी बसविणे ही नुसती उचल नव्हे. त्याला कान लागतो, आणि मन मोठे लागते.

'द मॅजिक नंबर' या गाण्याचेही असेच. त्याचा मुखडा बॉब डोरो याने १९७३ साली दूरदर्शनवर मुलांना तीनचा पाढा शिकविण्यासाठी रचलेल्या गीतावरून घेतलेला. तिघांचा संघ आणि तीनचा पाढा, यापरते समर्पक ते काय असणार? त्याच गाण्यात मध्येच जॉनी कॅशचा भारदस्त आवाज उमटतो. कॅशने १९५९ साली आपल्या आर्कान्सॉतील बालपणीच्या, १९३७ च्या महापुरावर एक गाणे केले होते. पाणी किती फूट चढले हे विचारणारे आणि दर कडव्याला एकेक फूट वाढविणारे. दक्षिणेतील एका गरीब गोऱ्या शेतकरी कुटुंबाच्या अंगणात चढणारे ते पाणी तीन फुटांवर असताना या मुलांनी ओंजळीत घेतले, आणि त्यावरून आपल्या ध्वनिमुद्रिकेला नाव दिले. तीन जण, आणि चढत जाणारे.

एकूण चोवीस तुकडे, त्यांत गाणी थोडी आणि खेळ पुष्कळ. गाण्यांच्या मधून मधून एक काल्पनिक प्रश्नमंजूषा चालते. सूत्रधार स्पर्धकांना असे प्रश्न विचारतो की ज्यांची उत्तरे कोणालाही देता येऊ नयेत. प्रवेशांच्या मध्ये असे विनोदी उपप्रवेश घालण्याची जी प्रथा पुढे हिप हॉपच्या जवळजवळ प्रत्येक ध्वनिमुद्रिकेत पडली तिचे जनकत्व प्रिन्स पॉलकडे आणि या ध्वनिमुद्रिकेकडे जाते. परंतु केवळ हसण्याखिदळण्याची ही कृती आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'घेट्टो थँग' मध्ये दारिद्र्याचे जे चित्र आहे ते गंभीर आहे. 'से नो गो' मध्ये, हॉल आणि ओट्स यांच्या एका लोकप्रिय गाण्याच्या गुळगुळीत तालावर, क्रॅक नावाच्या मादक विषाने पोखरलेल्या घरांची कथा येते. आणि 'पॉटहोल्स इन माय लॉन' हे गाणे तर मला विशेष विचारात पाडते. आपल्या हिरवळीत कोणी खड्डे पाडतो आहे अशी तक्रार त्यात आहे, आणि खड्डे पाडणारा म्हणजे आपले शब्द आणि आपली शैली चोरणारा दुसरा कवी. जी पिढी सुरांची उचल निःसंकोच करीत होती, तिच्यापाशीही चोरीची स्वतःची कडक व्याख्या होती: दुसऱ्याचा सूर घेऊन त्याचे नवे काही करणे हे कौशल्य, आणि दुसऱ्याचे यमक जसेच्या तसे म्हणणे ही नीचता. कायद्याला हा भेद ओळखता आला नाही. तिघांची नीती मात्र त्यावर उभी होती, आणि ती नीती नव्हती असे मानणाऱ्यांनी हे गाणे लक्षपूर्वक ऐकावे.

ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि तिचे स्वागत असे झाले की कंपनीलाही त्याची कल्पना नसावी. कृष्णवर्णीय संगीताच्या अमेरिकी यादीत ती पहिल्या स्थानी गेली, सर्वसाधारण यादीत चोविसाव्या. 'मी मायसेल्फ अँड आय' हे गाणे, जॉर्ज क्लिंटनच्या 'फंकाडेलिक' संघाच्या १९७९ मधील एका रचनेवर आधारलेले, त्याच्या प्रकारच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले आणि ग्रॅमी पुरस्काराच्या नामांकनापर्यंत गेले. 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने देशभरातील समीक्षकांचा जो वार्षिक कौल घेतला त्यात १९८९ सालची सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका हीच ठरली. इंग्लंडात 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या नियतकालिकानेही तोच निवाडा दिला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातून 'एन.डब्ल्यू.ए.' या संघाचा संतप्त सूर सर्वत्र दुमदुमत होता, 'पब्लिक एनिमी'ची रणभेरी आदल्याच वर्षी वाजली होती. त्या गदारोळात कोणी हळू आवाजात, हसून, स्वतःसारखे असावे असे सांगतो आहे, हे ऐकून पुष्कळांना मोकळा श्वास घेतल्यासारखे झाले असावे. 'जंगल ब्रदर्स' आणि 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' यांच्यासह या तिघांचा जो 'नेटिव्ह टंग्ज' नावाचा मित्रपरिवार जमला, त्याने पुढील दशकाच्या हिप हॉपला एक सौम्य, विचारी धारा दिली.

पण याच स्वागतात एक काटा होता. मुखपृष्ठ 'ग्रे ऑर्गनायझेशन' नावाच्या ब्रिटिश कलावंतमंडळाने केले होते: झगझगीत पिवळी पार्श्वभूमी, भडक रंगांची फुले, मध्ये तिघांचे चेहरे. तिघांनी आपल्या वृत्तीला 'डेझी'चे युग म्हटले होते. डेझी म्हणजे शेवंतीच्या कुळातील साधे फूल, परंतु त्यांच्या लेखी ती अक्षरे आतल्या आवाजाची आद्याक्षरे होती. वृत्तपत्रांनी फूल तेवढे पाहिले आणि आतला आवाज सोडून दिला. साठच्या दशकातील फुले माळणाऱ्या हिप्पी तरुणांचे हे कृष्णवर्णीय वारस, असा शिक्का मारून सगळे मोकळे झाले. ज्या गाण्याने त्यांना कीर्ती दिली ते गाणे मुळात याच शिक्क्याविरुद्धची तक्रार होते, हे विसरले गेले. माझ्या मते ही समीक्षेची मोठी चूक होती. कृष्णवर्णीय तरुण संतापला तर तो खरा, आणि हसला तर कोणा गोऱ्याचे अनुकरण करतो, असा काहीसा समज तिच्या मुळाशी होता. १९९१ साली दुसरी ध्वनिमुद्रिका आली तिच्या नावातच त्यांनी 'डे ला सोल' मृत झाल्याचे जाहीर केले, आणि मुखपृष्ठावर डेझीची कुंडी फुटून कलंडलेली दाखविली.

कुंडी अन्यत्रही फुटली होती. ध्वनिमुद्रिकेत 'ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स' नावाचा जेमतेम मिनिटभराचा एक तुकडा आहे. फ्रेंच भाषेच्या शिकवणीच्या तबकडीवरील आवाज, आणि त्याच्या मागे 'द टर्टल्स' या संघाच्या 'यू शोड मी' या १९६९ साली गाजलेल्या गाण्यातील तंतुवाद्यांचा संथ केलेला सूर. टर्टल्सच्या माजी सदस्यांनी न्यायालयात दिवाणी दावा ठोकला. नुकसानभरपाईची मागणी लाखो डॉलरांची होती. उचललेल्या सुरांची यादी आपण कंपनीकडे दिली होती, परंतु सर्वांची परवानगी काही घेतली गेली नाही, असे त्रयीच्या बाजूने पुढे वारंवार सांगण्यात आले. निवाड्यापर्यंत प्रकरण न जाता न्यायालयाबाहेर तडजोड झाली. येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही: 'यू शोड मी' हे गीत टर्टल्सचे स्वतःचे नव्हते, ते 'द बर्ड्स' या संघातील जीन क्लार्क आणि रॉजर मॅग्विन यांनी रचले होते, आणि टर्टल्सनी ते आपल्या पद्धतीने गायिले होते. दुसऱ्याचे गीत रीतसर मोबदला देऊन पुन्हा गाण्यासाठी कायद्याने ठरलेला राजमार्ग होता. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेऊन त्याचे नवे गीत करणाऱ्याला मात्र ठरलेला दर नव्हता, ठरलेले दफ्तर नव्हते, मालक मागेल ती रक्कम आणि मालक म्हणेल ती अट. मालकांचा हक्क मी नाकारीत नाही. ज्या वादकाने तो सूर रक्त आटवून काढला त्याला त्याचा हिस्सा पोहोचलाच पाहिजे, आणि अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकांचे हिस्से बुडविले गेल्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे ते याबाबत कधी हलकेपणाने बोलणार नाहीत. परंतु हिस्सा पोहोचविण्याची वाट बांधणे निराळे आणि वाटच बंद करणे निराळे.

ती १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली. बिझ मार्की या दुसऱ्याच रॅपगायकाविरुद्ध गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या गाण्यावरून झालेल्या खटल्यात न्यायमूर्ती केव्हिन डफी यांनी आपल्या निकालपत्राचा आरंभच बायबलातील चोरीविरोधी आज्ञेने केला, आणि प्रकरण फौजदारी चौकशीसाठी सरकारी वकिलांकडे पाठविले. त्या दिवसापासून प्रत्येक कंपनीच्या कचेरीत सुरांची नोंदवही आली. एका गाण्यात डझनभर तुकडे घालणे श्रीमंतांनाही परवडेनासे झाले, आणि बहुतेकांनी एकदोन सुरांवर काम भागविण्यास आरंभ केला. १९८९ मधील ही ध्वनिमुद्रिका म्हणजे वहिवाटीच्या अखेरच्या हंगामाचे पीक.

पुढचा अध्याय दस्तऐवजांचा आहे. ज्या थोड्या सुरांची परवानगी कागदावर होती, तीही तबकडी आणि कॅसेट यांच्यापुरतीच लिहिलेली. अंतर्जालावरून गाणे घरोघरी जाईल याची कल्पना १९८८ च्या करारनाम्यांत असणार कोठून? जुने कागद नव्या काळाला पुरेनात, कंपनीची मालकी हस्तांतरित होत राहिली, आणि एक पिढी अशी वाढली की जिने या ध्वनिमुद्रिकेचे नाव सर्वत्र वाचले, परंतु आपल्या दूरध्वनीवर ती कधी ऐकली नाही. २०१० च्या यादीत अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने तिला राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात चिरंतन जतनासाठी दाखल केले. राष्ट्राची ठेव म्हणून जिची नोंद झाली ती वस्तू त्याच राष्ट्राच्या नागरिकाला अंतर्जालावर रीतसर विकत मिळत नव्हती. २०१४ साली, पहिल्या ध्वनिमुद्रिकेला पंचवीस वर्षे होत असताना, तिघांनी आपली जुनी गाणी पंचवीस तास लोकांना विनामूल्य देऊन टाकली. पुढच्या ध्वनिमुद्रिकेसाठी श्रोत्यांनीच वर्गणी काढून सहा लाखांहून अधिक डॉलर जमविले. त्या वेळी तिघांनी वादकांना बोलावून दोनशेहून अधिक तास नवे संगीत वाजवून घेतले, आणि मग त्या संगीतातूनच आपले तुकडे कापले. दुसऱ्याच्या शेतात जाण्याची मनाई झाल्यावर त्यांनी आधी स्वतःचे शेत पिकविले, आणि मग जुन्या सवयीने त्यातले सरवे वेचले. हे वाचले तेव्हा मला भरून आले.

२०२१ मध्ये 'रेझर्व्हॉयर' या संगीतसंस्थेने 'टॉमी बॉय'चा सर्व संग्रह सुमारे दहा कोटी डॉलरना विकत घेतला आणि त्रयीशी बोलणी करून एकेका सुराची नवी परवानगी मिळविण्याचे किचकट काम हाती घेतले. त्याच वर्षाअखेर 'स्पायडर-मॅन' मालिकेतील एका चित्रपटाच्या शेवटी 'द मॅजिक नंबर' वाजले, आणि ते गाणे कोठे मिळेल याची विचारणा करणारी नवी मुले निर्माण झाली. ध्वनिमुद्रिका अंतर्जालावर खुली करण्यासाठी ३ मार्च २०२३ हा दिवस मुक्रर झाला. १२ फेब्रुवारीला डेव्हिड जोलिकर वयाच्या चोपन्नाव्या वर्षी वारला. एकोणीस दिवसांनी, ठरल्या तारखेस, चोवीसही तुकडे जगभर एकदम ऐकू येऊ लागले. तीनच्या पाढ्यावरचे ते गाणे त्यांतील दुसरे, आणि त्यात दुसऱ्या प्लगचा तो धिमा, किंचित घोगरा आवाज विशीतला होता तसाच होता.